पाटलाला विचारा

पोराला नाव आत्या देते, पण ते चौकीत खरं करतो कुशाबा, असं बोरटेकची माणसं म्हणत असत. मुठा खोऱ्याच्या वरच्या अंगाला ऐंशी उंबऱ्यांचं हे गाव, आणि त्याच्याही वर, अर्ध्या तासाच्या चढणीवर कातकऱ्यांची वाडी. गाव आणि वाडी मिळून जितकी माणसं होती तितकी नावं कुशाबा कंधाऱ्यांच्या तोंडी होती. बापाच्या नावासकट, आणि घरचं नाव एक व कागदावरचं दुसरं असेल तर दोन्हींसकट. शेजारचा भिवाजी तर म्हणायचा की उद्या यमाचा दूत गावात आला तरी तो आधी कुशाबाच्या ओट्यावर बसून चहा घेईल, आणि कुशाबाने 'हा आमच्यातला न्हवं' असं सांगितलं तर रिकाम्या हाताने परत जाईल.

कुशाबा सत्तावीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते. गावात काही बरंवाईट घडलं की पोलिसांना कळवायचं, पंचनाम्याला उभं राहायचं, साहेब आले की सोबत फिरायचं, असं ते काम. त्यातलं कुशाबांना मनापासून आवडायचं ते एकच, ओळख पटवणं. कुणाला तरी रस्त्यात अडवलेलं असायचं, खिशात कागद नसायचा, तोंडातून शब्द फुटत नसायचा. कुशाबा जायचे, धोतराचा सोगा सावरत चौकीच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, हा आमचा. मग हवालदार मान हलवायचा, आणि माणूस त्यांच्या मागून खालमानेने चालत गावाला परत यायचा. आधी हे सगळं पायी होत असे, नंतर सायकलवर, शेवटी थोरल्या मुलाने, कैलासने घेतलेल्या मोटारसायकलवर.

या कामातूनच वाडीला एक नियम लागला होता. शहाण्णव साली खोऱ्यातल्या शेतपंपांच्या तांब्याच्या तारा चोरीला गेल्या आणि पोलिसांची गाडी, नेहमीप्रमाणे, कुणाला काही न विचारता सरळ वाडीवर आली. भिकू नावाचा एक माणूस समोर सापडला. साहेबाने नाव विचारलं, त्याने भिकू सांगितलं. आणि त्यांच्या यादीत कुठल्याशा दुसऱ्या गावचा एक भिकू निघाला. हा भिकू पाच आठवडे आत राहिला. यादीतल्या भिकूचा बाप वेगळा आणि ह्याचा वेगळा, हे कुशाबांनी दोनतीन खेपा घालून सिद्ध केलं तेव्हा कुठे तो सुटला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी आपल्या जातीचं नाव सरकारी कागदात चोर म्हणून लिहिलेलं पाहिलं होतं, त्या वाडीने यातून एकच धडा घेतला, की नाव सांगितलं म्हणून भिकू अडकला. परत आल्यावर कुशाबांनी वाडीच्या मधोमध, आंब्याखाली सगळ्यांना बसवलं. पोलिसाने नाव विचारलं तर तोंड उघडायचं नाही, एवढंच म्हणायचं, आमच्या पाटलाला विचारा. बाकी मी बघतो, असं त्यांनी सांगितलं.

त्या काळात ते योग्यच होतं. चौकीतली माणसं ठरलेली असत, ती कुशाबांना ओळखत असत, आणि कुशाबांनी कुणासाठी शब्द टाकला आणि तो खोटा ठरला असं एकदाही झालं नाही. वाडीतली पोरं बोलायला शिकली की रामराम, पाणी आणि पाटलाला विचारा या तीन गोष्टी आधी शिकतात, असा विनोद गावात चाले. कुशाबा तो ऐकून मिशीतल्या मिशीत हसत. पुढे पुढे मात्र त्या हसण्यात नुसतं कौतुक राहिलं नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःला समजत नव्हतं असंही नाही.

वाडीतला वाल्मीक आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकला होता. एकदा त्याला पिरंगुटच्या अलीकडे नाकाबंदीत अडवलं, तेव्हा त्याने आपलं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका असं सगळं घडाघडा सांगितलं आणि पाच मिनिटांत तो मोकळा झाला. गावात येऊन त्याने ही गोष्ट हौसेने सांगितली. कुशाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. तो ओट्यासमोरून गेला की ते बाकीच्यांना म्हणायचे, शिकलेला हाय त्यो, त्याला पाटील कशाला लागतोय. वाडीने ते ऐकलं आणि जे समजायचं ते समजून घेतलं. त्यानंतर वाडीवरच्या कुणीही चौकीत स्वतःचं नाव उच्चारलं नाही.

साठ वर्षं पुरी झाली आणि कुशाबांचं पद संपलं. ते कैलासकडे जाईल असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण त्या वेळी गावची जागा बायकांसाठी राखीव निघाली, आणि लेखी परीक्षेत चुलतभावाची सून सायली पहिली आली. पदवीधर, हुशार, स्वतःची स्कूटर चालवणारी मुलगी. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं आणि कुशाबा बोललेही नाहीत. त्यांनी कापडात गुंडाळलेली दप्तरं तिच्या हवाली केली, पाठीवर हात ठेवला, आशीर्वाद दिला. फक्त नावं दिली नाहीत. मला एकदा वाडीवर घेऊन चला आप्पा, सगळ्यांशी ओळख करून द्या, असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. जाऊ की, ते म्हणाले. भात लावणी झाली की जाऊ, कापणी झाली की जाऊ, यात्रा झाली की जाऊ. अशी सहा वर्षं गेली. ती स्वतःहून दोनदा वर जाऊन आली, तिला माणसांनी पाणी दिलं, चहा दिला. पण वाडीच्या लेखी पाटील म्हणजे कुशाबाच राहिले. कुशाबांनीही कुणाचा तो समज काढला नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. कुशाबा आणि त्यांची बायको तुळजाबाई राब रचायला खाचरात गेले होते. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर शेणाचा, टहाळ्यांचा, गवताचा असे थर लावायचे, वर माती भुरभुरायची आणि मग तो भाजायचा. हे काम पूर्वी त्यांच्याबरोबर वाडीतला मंगळ्या वाघमारे करायचा. मंगळ्या त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी धाकटा. तिशी-चाळिशी त्याने त्यांच्याच बांधावर काढली होती. अलीकडे चार वर्षं मात्र तो हिंजवडीला, एका मोठ्या सोसायटीच्या बागेत कामाला जात होता. पहाटेच्या एसटीने जायचा, संध्याकाळी यायचा. तिथली झाडं दोरी लावल्यासारखी एकसारखी कापावी लागतात, असं तो नवलाने सांगायचा.

दुपारी साडेचारच्या सुमाराला कुशाबांचा फोन वाजला. पलीकडून एका तरुण माणसाने विचारलं, "पोलीस पाटील कुशाबा कंधारे बोलताय का?"

सहा वर्षांत या नावाने फोन आला नव्हता. कुशाबा म्हणाले, "व्हतो."

बोलणारा फौजदार होता, जुन्या यादीत त्याला हा नंबर सापडला होता. तो म्हणाला की एक माणूस हिंजवडीच्या ठाण्यात आणलाय, पन्नाशीचा आहे, खोऱ्यातला वाटतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. काही विचारलं की म्हणतो, कुशाबा पाटलाला विचारा. जरा त्याच्याशी बोलता का?

कुशाबांच्या हातात शेणाची पाटी होती. त्यांनी ती खाली ठेवली. ते म्हणाले की मी आता पाटील नाही. आमच्याकडे त्या जागेवर बाई आहेत, त्यांना विचारा. फौजदार म्हणाला की बाईंचा फोन लागत नाही.

"लागंल तवा इचारा," कुशाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. नंतरच्या दिवसांत कुशाबांनी ते अर्धं मिनिट पुनःपुन्हा उलगडून पाहिलं, आणि दर वेळी त्यांना त्यात तेच सापडलं. कोण आहे, असं त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती. पन्नाशीचा, हिंजवडीकडचा, आणि मार बसला तरी ते एक वाक्य सोडणार नाही असा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता. दुसरंही एक त्यांना त्याच क्षणी दिसलं होतं: सायलीला ओळख पटवता येणार नाही. वाडीतली नावं तिला कुठे येतात? मग ती ओट्यावर येईल, आप्पा चला म्हणेल, आणि ते सदरा चढवून निघतील. त्या संध्याकाळी ते खरोखरच धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. सायली आली नाही. ती पुण्याला पोलीस पाटलांच्या प्रशिक्षणाला गेली होती आणि मुक्कामी होती.

तुळजाबाई बांधापलीकडून सगळं ऐकत होत्या. त्यांनी जेवताना एवढंच विचारलं की फोन कुणाचा होता. कुशाबा म्हणाले, चुकून लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळ्याची बायको सखू उतरण उतरून त्यांच्या दारात आली. नवरा काल आला नव्हता. एसटी चुकली असेल म्हणून तिने रात्र काढली, आता पहिल्या गाडीने आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं की त्याला सोसायटीच्या दारातून पोलीस घेऊन गेले. ती रडत नव्हती. पाटलाकडे आलो म्हणजे काम झालं, अशा भरवशाने ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिने पदराखालची प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. तिच्यात मंगळ्याचं आधार कार्ड होतं. हरवू नये म्हणून तो ते कधीच बरोबर नेत नसे.

तेवढ्यात सायलीही पुण्याहून घाईने आली. सकाळी फोन चालू केल्यावर तिला ठाण्याचे निरोप दिसले होते आणि ती तिथल्या फौजदाराशी बोलली होती. ती कुशाबांकडे क्षणभर पाहत राहिली. त्या पाहण्यावरूनच कुशाबांना कळलं की कालच्या फोनचं हिला माहीत आहे. पण सखू समोर होती. सायलीने कैलासला हाक मारली.

कैलासने गावातली एक जीप मागून आणली आणि सगळे निघाले.  खाली लवळ्याच्या वळणावर सायलीने मागे न वळता विचारलं, "आप्पा, मंगळ्याच्या वडलांचं नाव काय?"

"काळू," कुशाबा म्हणाले.

सहा वर्षांत त्यांनी तिला दिलेलं ते पहिलं नाव.

काय घडलं होतं ते ठाण्यात कळलं. मंगळ्या बागेत पाइपने पाणी घालत होता, पाण्याची धार तिथे उभ्या असलेल्या एका मोटारीच्या उघड्या खिडकीतून आत गेली. मोटारीचा मालक धावून आला, त्याने मंगळ्याच्या हातातला पाइप ओढला, मंगळ्याने तो सोडला नाही, आणि ओढाताणीत मालक ओल्या फरशीवर गुडघ्यावर आपटला. त्याने पोलिसांना बोलावून मारहाणीची तक्रार केली. सोसायटीने मंगळ्याचा पास दाखवला, तर त्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव आणि फोटो होता. कंत्राटदाराच्या मुकादमाने आधीच्या माळ्याचा पास त्याच्या गळ्यात अडकवला होता, आणि चार वर्षांत तो कुणी निरखून पाहिला नव्हता. आता मुकादमाचा फोन बंद होता.

फौजदार तिशीच्या आतला होता. आवाज चढवत नव्हता, हीच गोष्ट कुशाबांना सर्वांत जड गेली. चढवला असता तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. तो सायलीला समजावून सांगत होता. गुडघा खरचटणं हा अदखलपात्र मामला, त्यात आम्हाला वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. नाव-पत्ता लिहून घेतला असता, तक्रारदाराला कोर्टात जा म्हणून सांगितलं असतं, माणूस तासाभरात घरी गेला असता. पण ज्याच्यावर असा आरोप आहे तोच नाव-पत्ता सांगायला नकार देत असेल, किंवा गळ्यात दुसऱ्याचं नाव घालून फिरत असेल, तर त्याची ओळख पटेपर्यंत त्याला अटक करता येते. नागरिक सुरक्षा संहितेचं एकोणचाळिसावं कलम. ओळख पटली की जातमुचलका लिहून घेऊन सोडायचं. चोवीस तासांत पटली नाही तर न्यायाधीशांपुढे उभं करायचं. चार वाजता चोवीस तास भरतात, म्हणून आमचे लोक त्याला घेऊन मघाशीच कोर्टाकडे निघालेत.

मग त्याने वही पुढे ओढली आणि कुशाबांना विचारलं, "तुमचं नाव?"

साधा प्रश्न होता. लेखणी कागदावर टेकलेली होती. कुशाबांना उत्तर द्यायला इतका वेळ लागला की फौजदाराने मान वर करून पाहिलं. आयुष्यात ते ठाण्यात शेकडो वेळा आले होते, दुसऱ्यांची नावं घेऊन. त्यांचं स्वतःचं नाव त्यांना तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं. ओळखपत्र आहे का, असं फौजदाराने विचारलं. नव्हतं. मला कशाला लागतंय, असं म्हणत त्यांनी ते कधी खिशात ठेवलंच नव्हतं. शेवटी सायलीने आपलं ओळखपत्र पुढे केलं आणि हे आमच्या गावचे, म्हणून सांगितलं.

नाव लिहिता लिहिता फौजदार थांबला. बाहेर बाकावर सखू आधार कार्डाची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काल मी तुम्हालाच फोन केला होता ना, बाबा? नुसतं नाव-गाव सांगितलं असतं, तर कालच सोडला असता मी त्याला. मला काय त्याला ठेवायची हौस होती?"

कुशाबा उठले आणि सायलीला म्हणाले, चल, कोर्ट गाठू. 

कोर्टात पोचेपर्यंत तीन वाजले. मंगळ्याच्या कागदावर नावाच्या जागी लिहिलं होतं, नाव व पत्ता न सांगणारा अनोळखी इसम. त्याला बोलावलं तेव्हा तो दोन शिपायांच्या मधून पुढे आला, आणि दाराशी कुशाबांना पाहताच त्याचा चेहरा एकदम सैल झाला. आता झालं, असंच तो चेहरा म्हणत होता. न्यायाधीश बाईंनी त्याला नाव विचारलं. मंगळ्याने कुशाबांकडे बोट केलं. कुशाबा सवयीने पुढे सरकले, घसा खाकरून म्हणाले की साहेब, हा आमच्या वाडीचा...

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगू द्या."

 मंगळ्या कुशाबांकडे पाहत होता, परवानगी मागत. पन्नास वर्षांचा माणूस, चार पोरांचा बाप, स्वतःचं नाव घेण्यासाठी दुसऱ्याच्या मानेकडे डोळे लावून उभा होता. कुशाबांनी मान हलवली. तेव्हा तो इतक्या हळू म्हणाला की कारकुनाला दोनदा विचारावं लागलं, "मंगळ्या काळू वाघमारे. मुक्काम बोरटेक, वरली वाडी."

सखूने कार्ड दिलं, सायलीने सही केली, जातमुचलका झाला. दहा मिनिटांचं काम होतं.

परतीच्या वाटेवर मंगळ्याने कैलासला गाडी थांबवायला लावून टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. कुशाबांच्या हातात पेला देताना तो म्हणाला की पाटील येणार हे मला ठाऊक होतं. त्याच वेळी कुशाबांना बोलता आलं असतं. टपरी होती, दिवस होता, सगळी आपली माणसं होती. त्यांनी चहा फुंकून प्यायला आणि पेला परत दिला.

मोटारीच्या मालकाने पुढे काहीच केलं नाही. तो ते प्रकरण विसरूनही गेला असेल. मंगळ्याला मात्र कुणी विसरलं नाही. दुसऱ्याच्या पासवर चार वर्षं आत येत होता, पोलिसांना नाव सांगत नव्हता, असं सोसायटीच्या दाराशी त्याच्या फोटोखाली लिहिलं गेलं. कंत्राटदाराने असा माणूस आपण कधी ठेवलाच नव्हता म्हणून कानावर हात ठेवले. दुसरीकडे काम मागायला गेलं की आधी पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागत, आणि मंगळ्याच्या मनात ठाण्याच्या दारात पुन्हा जाऊन उभं राहण्याचं बळ नव्हतं. तो रोजंदारीवर परत आला. राब भाजायला कुशाबांकडेही आला. बागेतल्या झाडांविषयी पुन्हा कधी बोलला नाही.

गावाने मात्र कुशाबांना डोक्यावर घेतलं. पद गेलं तरी पाटील तो पाटीलच, भिवाजी ज्याला त्याला सांगत सुटला. नव्या बाईंना जमलं नसतं, म्हातारा कोर्टापर्यंत गेला आणि माणूस घेऊन आला. कुशाबा ऐकून घेत. एकदा भिवाजी असाच रंगात आला असताना आतून तुळजाबाई बाहेर आल्या, ओट्यावरचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "व्हय बाबा, लई मोठं काम केलं. फोनसुदिक चुकून लागला व्हता त्या दिशी." भिवाजीला काही समजलं नाही. कुशाबा उठून गोठ्यात गेले. त्यानंतर ओट्यावर बसणं त्यांनी कमी केलं.

मे महिन्यात सायली घरी आली. तिने वाडीवर एक बैठक ठेवली होती. पोलिसांनी नाव-पत्ता विचारला तर सांगायचा, न घाबरता सांगायचा, कशासाठी विचारता हेही विचारायचं, आणि घरच्यांना कळवा म्हणायचं. एवढंच तिला शिकवायचं होतं. पण तिने सांगून कुणी ऐकणार नव्हतं. नियम तुम्ही घातलाय आप्पा, ती म्हणाली, तो तुम्हालाच मोडावा लागेल. त्यापुढे ती फोनचं काही बोलली नाही. कुशाबांनी काठी घेतली आणि तिच्यामागून चढण चढले. वाटेत ते एकेका खोपटापाशी थांबून तिला आतल्या माणसांची नावं सांगत गेले. तिने ती वहीत लिहून घेतली.

आंब्याखाली सगळे जमले होते. कुशाबांनी उभं राहून सांगितलं की मागं मी जे सांगितलं होतं ते आता सोडून द्यायचं, ज्याचं नाव त्याने स्वतः सांगायचं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग सायली दगडावर फौजदार होऊन बसली आणि एकेकाला पुढे बोलावू लागली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "माजं नाव इचारनारी तूच पैली गं बाई, नवऱ्यानंबी कदी इचारलं न्हाई." वाल्मीकची पाळी आली तेव्हा तो छाती पुढे काढून म्हणाला की मला येतंय हे, आणि येतंय म्हणून पाटलांनी महिनाभर मला दारात उभं केलं नव्हतं. सगळे मोकळेपणाने हसले. कुशाबाही हसले, पण त्यांचं लक्ष बाजूला, आंब्याच्या मुळीवर बसलेल्या मंगळ्याकडे होतं.

सायलीने त्याला शेवटी बोलावलं. तो उठला, पण तिच्यापुढे न जाता कुशाबांसमोर येऊन उभा राहिला. बोलण्यात राग नव्हता. इतके दिवस मनात घोळवलेली गोष्ट एकदाची विचारून टाकावी, तसा त्याचा सूर होता.

"पाटील, त्यो फौजदार त्या दिशी मला म्हनत व्हता, तुज्या पाटलाला फोन केला, त्यानं वळख दिली न्हाई. आता तरी नाव सांग म्हनला. मी म्हनलं, खोटं बोलतुया. आमचा पाटील आसं करायचा न्हाई. म्हनून मी रातभर तोंड उगाडलं न्हाई." तो थांबला. "खोटंच बोलत व्हता ना त्यो?"

 सखू पुढे सरकून बसली. सायलीने वही मिटली आणि ती खाली पाहू लागली. एक 'व्हय' म्हटलं असतं तर मंगळ्या समाधानाने जाऊन बसला असता, आणि वाडीने आणखी पन्नास वर्षं पाटलाचं नाव घेतलं असतं. कुशाबांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि मंगळ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"खरं बोलत व्हता त्यो. फोन आला व्हता. तूच हायेस हे मला ठावं व्हतं, आन मी ठिवून दिला."